सोनोग्राफीत ओठाची फट दिसली, तर...

"ऑपरेशन कधी करायचं?" पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न हाच येतो. त्याच्या मागोमाग, जरा आवाज खाली करून, "ठेवायचं का?" तिसरा प्रश्न घरी गेल्यावर निघतो आणि तो फक्त बाईलाच विचारला जातो: "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का?" तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत, पुढे येतीलच. पण हे बाळ जन्मल्यावर दूध कसं पिणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. ऑपरेशनला जन्मानंतर तीनएक महिने अवकाश असतो. दुधाला तासा-दोन तासांचाही नसतो.

मुळशी तालुक्यात तर हे आधी ठरवून ठेवावंच लागतं. हिंजवडी-बावधनकडच्या माणसाला मोठं रुग्णालय जवळ आहे. धरणाच्या पलीकडच्या, ताम्हिणी घाटाकडच्या वाड्यांतून पावसाळ्यात पौड गाठायलाच अर्धा दिवस मोडतो. बाळ दोन दिवसांचं झाल्यावर "दूध ओढतच नाही" म्हणून धावाधाव करण्यापेक्षा चार महिने आधी कळलंय त्याचा उपयोग करून घेतलेला बरा.

नेमकं काय दिसलं?

बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी पुढे सरकत येऊन नाकाखाली सांधला जातो. ओठाचा सांधा गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात पुरा होतो, टाळूचा सहाव्या ते नवव्या आठवड्यात. इथे टाळू म्हणजे डोक्यावरची नव्हे, तोंडातलं वरचं छत. हा सांधा कुठे अर्धवट राहिला की तिथे फट राहते. बाळाला काही लागलेलं नसतं, दुखत नसतं. ओठाचा स्नायू, कातडी बहुतेक सगळी असते, ती फक्त एकमेकांना भेटलेली नसते. सर्जन ती भेटवून देतो. जगभरात साधारण ७०० ते १००० बाळांमागे एकाला अशी फट असते, म्हणजे हा काही लाखात एखादा प्रकार नाही.

सोनोग्राफीच्या टेबलावर डॉक्टर अचानक गप्प झाले की नातेवाईक भलतेसलते अर्थ काढतात. काहींना वाटतं, कायद्यामुळे सांगत नसतील. १९९४च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगायला. बाळातला दोष सांगायला नाही. तो सांगणं आणि रिपोर्टमध्ये लिहून देणं हे त्यांचं कामच आहे. तेव्हा बिचकू नका, विचारा. फट एका बाजूला आहे की दोन्ही? फक्त ओठाला आहे की हिरडीपर्यंत गेली आहे? टाळूचं काय दिसतं? हनुवटी मागे गेलेली, लहान वाटते का? आणि सर्वांत महत्त्वाचं, हृदय, मेंदू, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, हातपाय ठीक आहेत ना? हे प्रश्न घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या, कारण त्या खोलीत गेल्यावर निम्मे विसरायला होतात. आणि नवऱ्याने बाहेर बाकावर बसून राहू नये. ही बातमी दोघांनी एकत्र ऐकायची असते. नाहीतर घरी जाऊन सगळ्यांना समजावून सांगायचं काम, ते समजायच्या आधीच, तिच्या गळ्यात पडतं.

टाळूबद्दल एक सावधगिरी. सोनोग्राफीत ओठ समोरून चांगला दिसतो, टाळू मात्र आजूबाजूच्या हाडांच्या सावलीत दडते. ओठ नीट आणि टाळूलाच फट, असं असेल तर ती बहुतेक वेळा जन्मानंतरच, तोंड उघडून पाहिल्यावर कळते. म्हणून रिपोर्टमध्ये टाळूबद्दल बरं लिहिलेलं असलं तरी दुधाची तयारी टाळू उघडी आहे असं धरूनच करा. नसली तर आनंदच आहे.

बाकी सगळे अवयव ठीक असतील, फट ओठापुरतीच दिसत असेल, तर गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता कमी असते. सोबत हृदयात किंवा आणखी कुठे काही दिसलं, तर मात्र गर्भाच्या तपासणीतल्या तज्ज्ञाकडे जायला हवं. ते बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी आणि गर्भजलाची तपासणी सुचवू शकतात. ती करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण त्यातून काय कळणार आणि त्यात धोका किती, हे विचारल्याशिवाय हो-नाही करू नका. घरी आरशात एक गोष्ट पाहून घ्या: तुमच्यापैकी कोणाच्या खालच्या ओठावर, मध्याच्या दोन बाजूंना, टाचणीने टोचल्यासारखे दोन बारीक खळगे आहेत का? असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. काही घराण्यांत फट आणि हे खळगे बरोबरीने पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, आणि तिथे पुढच्या मुलाचा हिशेब वेगळा, जवळजवळ निम्म्या शक्यतेचा असतो.

बुद्धीचं काय, हेही मनात असतंच. नुसत्या ओठाच्या किंवा टाळूच्या फटीमुळे बुद्धी कमी होत नाही.

ग्रहण, विळी आणि आईचा दोष

७ सप्टेंबर २०२५च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. ते साऱ्या भारतातून दिसलं. त्या रात्री देशात लाखो बायका गरोदर होत्या. कोणी हातपाय न हलवता बसून राहिल्या, कोणी पोळ्या लाटल्या, कोणी रात्रपाळीला होत्या. ज्या पाचव्या-सहाव्या महिन्यात होत्या त्यांच्या बाळांचे ओठ तर तेव्हा कधीच तयार होऊन गेले होते. ओठाचा सांधा दुसऱ्या महिन्यात पुरा होतो, पाळी चुकल्याची जेमतेम खात्री पटलेली असते तेव्हा. त्यानंतर विळीवर कितीही भाजी चिरली तरी जुळलेला ओठ पुन्हा उघडत नाही. आणि ग्रहण अगदी काटेकोर पाळलेल्या आयांनाही अशी बाळं होतातच. त्यांच्याकडे मग दुसरा दोष शोधला जातो: झोपताना कूस बदलली असेल, सुई हातात धरली असेल. आईचा दोष काढायचाच असं ठरवल्यावर कारणांना तोटा नसतो. ग्रहण पाळण्याच्या नावाखाली गरोदर बाईला तासन्‌तास उपाशी, तहानलेली ठेवणं, हे मात्र खरोखरच वाईट.

खरी कारणं कमी रंगतदार आहेत. बहुतेक घरांत एकच एक कारण सापडतच नाही. घराण्यातून आलेला थोडा कल आणि त्या सुरुवातीच्या आठवड्यांतली परिस्थिती असं काहीतरी मिळून होतं. धूम्रपान, दारू, ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो हे माहीत आहे. फिट्सची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती बदलायची असेल तर गर्भ राहायच्या आधी, डॉक्टरांकडून. मशेरी लावण्याची सवय असेल तर ती याच क्षणी सोडा. फट तिने पडली असं कोणी म्हणत नाही, पण तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं, आणि या बाळाला वजनाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. मामे-आत्याच्या नात्यात लग्न झालं असेल तर तेही लपवू नका. डॉक्टर त्यावरून नावं ठेवायला बसलेले नाहीत, त्यांना फक्त हिशेब मांडायचा असतो.

सासूबाई वाचत असतील तर त्यांना एक विनंती. तुमच्या एका वाक्यावर या मुलीचे पुढचे चार महिने अवलंबून आहेत. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही" हे चारचौघांत, नणंदा-जावांसमोर म्हणा. एकांतात म्हटलेलं पुरत नाही.

ठेवायचं का?

हा प्रश्न दाबून टाकण्यापेक्षा त्याला सरळ तोंड दिलेलं बरं. २०२१च्या दुरुस्तीनंतरचा गर्भपाताचा कायदा असा आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ आठवड्यांमध्ये ठराविक कारणांसाठीच, दोन डॉक्टरांच्या मताने, त्यापुढे गर्भात गंभीर विकृती असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाने मान्यता दिली तर. बाळात दोष आहे हे कारण कायद्यात आहे, पण ते जगण्याशी विसंगत किंवा गंभीर अपंगत्व आणणाऱ्या दोषाबद्दल. फक्त ओठाची फट त्यात बसते का, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. संमती लागते ती सज्ञान गरोदर स्त्रीची. नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या सहीची अट कायद्यात नाही.

माझं मत विचाराल तर ज्या दिवशी कळलं त्या दिवशी, त्या आठवड्यात काही ठरवू नका. आधी फटीची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला भेटा. त्यांच्याकडे त्यांनीच ऑपरेशन केलेल्या मुलांचे आधीचे आणि नंतरचे फोटो असतात. ते बघा, आणि जमलं तर अशा एखाद्या मुलाच्या आईशी बोलायचं आहे असं सांगा. बऱ्याच ठिकाणी अशी गाठ घालून देतात. इंटरनेटवरचे फोटो बघत रात्र काढणं मात्र टाळा, तिथे सगळ्यात वाईट तेच आधी वर येतं. सोबत इतर मोठे दोष असतील तर गोष्ट वेगळी. तिथे तज्ज्ञाच्या मदतीने घेतलेला कोणताही निर्णय आईवडिलांचाच, आणि बाहेरच्यांनी त्यावर बोलू नये.

आशाताईंसाठीही दोन शब्द. "काही होत नाही हो" म्हणून विषय संपवू नका. तिला काहीतरी होतंय, म्हणून तर ती रडते आहे. "फट आहे, ती शिवता येते, दूध कसं पाजायचं ते आपण आधी शिकून घेऊ" एवढं म्हटलं तरी पायाखाली जमीन लागते.

दूध

आता मुख्य काम. बाळ दूध ओढतं ते तोंडात पोकळी तयार करून. तोंडाचं छतच उघडं असेल तर ती पोकळी टिकत नाही, मधेच चिरलेल्या स्ट्रॉने सरबत ओढावं तसं होतं. बाळ जोर लावतं, ओठ हलतात, गिळल्यासारखं वाटतं, आणि पोटात जातं ते नावापुरतं. बघणाऱ्याला मात्र बाळ तासभर पीतच आहे असं दिसतं, आणि वजन घसरतं ते नेमकं इथे.

फट ओठापुरतीच असेल तर बरीच बाळं अंगावर छान पितात. स्तनाचा मऊ भागच फट भरून काढतो. नाही भरली तर आईने अंगठा वरून हलकेच ठेवायचा. टाळूही उघडी असेल तर मात्र दूध काढून पाजावं लागतं. अंगावर घ्या, जवळ घ्या, त्याचा दोघांनाही उपयोग आहे, पण पोट त्यावर भरेल असं धरू नका.

दूध पहिल्याच दिवसापासून काढायचं. सुरुवातीचा घट्ट चीक थेंब-थेंब येतो, तोही वाटीत धरायचा. चोवीस तासांत आठ वेळा तरी, त्यात रात्रीची एखादी वेळ हवीच. न काढलेलं दूध काही दिवसांत आटत जातं आणि मग "दूधच नाही" म्हणून वरच्या दुधावर यावं लागतं. हाताने काढायला परिचारिकेकडून प्रसूतीच्या आधीच शिकून घ्या. काढलेलं दूध झाकून साध्या हवेत चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. फ्रिज असेल तर दिवसभर.

पाजायला आपल्याकडे फार जुनं साधन आहे: बोंडलं. आजीच्या फडताळात सापडेल, नाहीतर भांड्यांच्या दुकानात मिळतं. दोन घ्या. चोच आतून नीट धुतली जाते ना हे बघा, दर वेळी उकळा. वाटी-चमचाही चालतो. दाबली की दूध येणाऱ्या मऊ बाटल्याही खास या बाळांसाठी मिळतात, सर्जनकडे चौकशी करा. नेहमीच्या बाटलीचा उपयोग नाही, कारण ती ओढावीच लागते.

पद्धत अशी. बाळाला आडवं घेऊ नका. डाव्या कोपराच्या खळग्यात डोकं, पाठ उभी, जवळजवळ बसल्यासारखं. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवून गालाच्या आतल्या बाजूला, जिथे फट नाही त्या अंगाला वळवा. थेट घशाकडे धार सोडायची नाही. थोडं दूध जाऊ द्या आणि थांबा. हनुवटीखाली गिळताना हालचाल दिसते, ती बघा, मग पुढचा घोट. बोंडल्याचा वेग बाळाने ठरवायचा, आपण नव्हे. दोन-तीन वेळा मधे थांबून ढेकर काढा, या बाळांच्या पोटात हवा फार जाते. नाकातून दूध येईल. घाबरू नका, तोंड आणि नाक यांच्यात पडदाच नसल्यावर ते येणारच. पुसा, क्षणभर थांबा, बाळ आणखी उभं धरा. ठसका लागला, चेहरा निळसर वाटला, तर लगेच थांबा. एकूण पाजणं अर्ध्या तासात आटपा. त्याहून जास्त लागत असेल तर बाळ दुधातून मिळवतं त्याहून जास्त दमण्यात घालवतं. तेव्हा पद्धत बदलायला हवी, वेळ वाढवायला नको.

किती? पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दर किलोला दिवसाला साधारण १५० मिली. २.८ किलोचं बाळ असेल तर ४२० मिली, दहा वेळा पाजलं तर दर वेळी चाळीसेक मिली. पहिल्या दिवसांत यापेक्षा पुष्कळ कमी, रोज थोडं वाढवत. औषधाच्या मापाच्या कपाने मोजून बघा. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, सगळ्याच बाळांचं उतरतं. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. आशाताई घरी येतात त्या ठरलेल्या दिवशी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. त्यांच्याकडे वजनकाटा असतो. दर भेटीला वजन करून कार्डावर लिहून घ्या, "छान दिसतंय बाळ" यावर भागवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी, सुस्त पडून राहणं, दुधासाठी न उठणं यांपैकी काहीही दिसलं तर आशाताईची वाट न बघता रुग्णालयात.

हे सगळं शिकायला सातवा-आठवा महिना चांगला. बाहुली घ्या, बोंडल्यात पाणी घ्या, हात बसवा. आई, आजी आणि बाप, तिघांचाही. बाळंतिणीला दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं असतं, पाजायला दुसरा हात लागतोच. आजीला इथे मान मिळतो तो योग्यच आहे, बोंडल्याची सवय तिच्याच हाताला असते. फक्त त्यात घुटी, मध, गाईचं दूध जाणार नाही हे तिच्याशी आधी बोलून ठेवा.

बाळंतपण कुठे?

फट आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. पण जागा विचार करून निवडा: जिथे नवजात बाळांचा वॉर्ड आहे आणि बालरोगतज्ज्ञ चोवीस तास आहेत. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवतात ते बहुधा औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला. हनुवटी लहान आणि मागे असल्याचं सोनोग्राफीत लिहिलं असेल तर हे पक्कंच समजा, कारण अशा बाळाची जीभ मागे पडून श्वास अडू शकतो.

पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर मावळात नाहीतर थेट मराठवाड्यात असेल तर फाईल तिच्यासोबत जाते का? बऱ्याचदा सोनोग्राफीचा रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतो आणि तिकडच्या डॉक्टरांना जन्मानंतरच कळतं. रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, सर्जनची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत, आणि मोबाईलमध्ये फोटो. आठव्या महिन्यातच तिकडच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या. तारीख आषाढ-श्रावणातली असेल आणि घर घाटाकडे असेल तर दोन आठवडे आधीच पिरंगुट-पुण्याकडच्या नातेवाइकांकडे येऊन राहिलेलं बरं. भूगावची वाहतूककोंडी दरड नाही, पण कळा सुरू झालेल्या बाईला दोन्ही सारख्याच. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

शिवणं, आणि पुढचं

ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. सर्जन लोकांचा जुना हिशेब दहाचा: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. तारीख पुढे ढकलली जाते ती बहुतेक वेळा वजन भरलं नाही किंवा सर्दी-खोकला झाला म्हणून, आणि म्हणूनच वर दुधावर इतकं लिहिलं. बाळ पहिल्या दोन आठवड्यांत सर्जनला दाखवा. काही ठिकाणी हिरडी आणि नाकाला आकार देणारी पट्टी किंवा लहान प्लेट लावतात. ती लवकरच सुरू करावी लागते आणि जवळजवळ दर आठवड्याला जावं लागतं. लांबच्या वाडीतून ते झेपणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. तिच्याशिवायही चांगली ऑपरेशनं होतात. अर्ध्यावर सोडण्यापेक्षा न केलेलं चालतं.

टाळूचं ऑपरेशन नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, आणि घोळ इथे होतो. ओठ शिवला, चेहरा बरा दिसायला लागला, पाहुण्यांचे प्रश्न थांबले की कुटुंबही थांबतं. टाळू बाहेरून दिसत नाही ना. पण बोलणं सगळं तिच्यावर आहे. टाळू उघडी राहिली की हवा नाकातून निसटते. प, ब, ट, ड, क, ग हे उच्चार तोंडात हवा कोंडल्याशिवाय होत नाहीत. म आणि न नाकातूनच यायचे, ते ठणठणीत येतात. असं मूल "बाबा" म्हणायला जातं आणि "मामा" ऐकू येतं. मामा खूश होतो, घरात हसू होतं, आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते. नाकात बोलण्याची सवय एकदा बसली की मग नुसती टाळू शिवून भागत नाही, वाचा-उपचार लांबत जातात. त्यासाठी पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाची श्रवण आणि वाचा-उपचाराची संस्था आहे. कानही तपासून घ्या. टाळूला फट असलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, तेही बोलण्याच्या आड येतं. हिरडीला फट असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हाड बसवण्याचं ऑपरेशन, मग दातांच्या तारा, वयात आल्यावर हवं तर नाकाची दुरुस्ती. लांबचा पल्ला आहे, पण सतत दवाखान्यात राहायचं नसतं.

पैशांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या पहिल्या यादीतच दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. जन्मानंतर रुग्णालयात नोंद करून घ्या, नाहीतर अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे आणि पुढे ऑपरेशनला पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून विचारा. 'स्माइल ट्रेन'सारख्या संस्थांशी जोडलेल्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत होतात. महाराष्ट्राला हे नवीन नाही. पंढरपुरात जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी इथे येऊन मोफत शिबिरं घेत. १९७८च्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवरून हजारो माणसांचे चेहरे त्यांनी नीट केले, पुण्याच्या भारतीय जैन संघटनेची शिबिरंही त्यांत आली. २००१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा शिबिर कधी लागतं याची वाट बघावी लागे. आता वर्षभर ऑपरेशनं होतात, त्यामुळे "मोठं झाल्यावर बघू" म्हणायला सबब उरलेली नाही.

बारसं करा

करा, आणि फोटो काढा. बाळाला पदराखाली झाकून ठेवलं की बघणारे जास्तच वाकून बघतात. मोठ्या भावंडाला आधीच सांगून ठेवा, "बाळाच्या ओठाला फट आहे, डॉक्टर शिवणार आहेत". पोरं हे दोन मिनिटांत पचवतात. ऑपरेशननंतर बऱ्याच आया म्हणतात की पहिलं हसू आठवतं, त्याचा एकही फोटो नाही. तो जुना चेहराही त्यांचा लाडका झालेला असतो.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर: आईवडील दोघांनाही फट नाही आणि एकाच मुलाला आहे, अशा घरात पुन्हा तसं होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच असते. गर्भ राहायच्या तीन महिने आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. मात्रा नेहमीची की जास्त, ते डॉक्टर ठरवतील. मशेरी, तंबाखू, दारू बंद, साखर ताब्यात. आणि पुढच्या वेळी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला टेबलावर झोपायच्या आधीच सांगा: "पहिल्याला फट होती, ओठ समोरून नीट बघा."